‘बिनधास्त ने’ : मित्राकडून घेतलेल्या जुन्या सीएनसी लेथचं प्रकरण

कोल्हापूरच्या उद्यमनगरात जुनं मशीन विकायला जाहिरात क्वचितच लागते. चहाच्या गाड्यावर कुणीतरी बोलतं, ‘नवं बुक केलंय, जुनं काढायचंय,’ आणि संध्याकाळपर्यंत गिऱ्हाईक ठरतं. बहुतेक वेळा ते ओळखीतलंच असतं. दलाली वाचते, मशीन रोज डोळ्यांसमोर चाललेलं असतं, पैशालाही सवलत मिळते. मात्र परक्याला माणूस जे दहा प्रश्न विचारतो, त्यातले नऊ मित्राला विचारत नाही. विचारले तर त्याच्यावर विश्वास नाही असा अर्थ निघेल, ही भीती.

पुढचं प्रकरण कुठल्या एका दुकानाचं नाही. अशा व्यवहारांत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एकाच सौद्यात बसवून ते मांडलं आहे. रकमा आणि मापं त्याच हिशेबाने, वास्तवाला धरून घेतली आहेत.

सौदा

विकणाऱ्याचं उद्यमनगरात पितळी आणि गनमेटलच्या बुशांचं (पोकळ नळकांड्यासारख्या भागांचं) काम. घेणाऱ्याची गोकुळ शिरगाव एमआयडीसीत शेड, दोन साध्या लेथ, आणि नुकतंच मिळालेलं पंपाच्या शाफ्टचं जॉबवर्क. दोघं आयटीआयपासूनचे दोस्त. मशीन २०११ सालचं सीएनसी लेथ, म्हणजे संगणकाच्या हुकमावर धातू गोल कातणारं यंत्र : दोन अक्षांचं (एक्स व्यासाच्या दिशेने, झेड लांबीच्या), ४५ अंशांचा स्लँट बेड (तिरपा पाया), ८ इंची हायड्रॉलिक चक (जॉब पकडणारा जबडा; तो स्पिंडल या मुख्य दांड्यावर फिरतो), ८ टूलचं टरेट (टूल धरणारी फिरती चकती), फॅनुक कंट्रोल (मशीन चालवणारा संगणक). भाव ८ लाख सांगितला, दोस्तीखातर ८० हजार उतरवले, ७,२०,००० वर सौदा झाला. ५ लाख आरटीजीएसने, १,७०,००० रोख, उरलेले ५० हजार ‘बिल दिलंस की देतो’ म्हणून बाकी. बिल काही झालं नाही. वहीच्या पानावर ‘मशीनपोटी मिळाले’ एवढं लिहून सही.

मशीन दाखवण्याचा कार्यक्रम वीस मिनिटांत उरकला. घेणारा पोहोचला तेव्हा मशीन सकाळपासून चालूच होतं. पितळी बुशाचे तीन नग कापून दाखवले, मायक्रोमीटर लावला, तिन्ही एकमेकांच्या दहा मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आत. घरी जाताना घेणाऱ्याने व्हॉट्सॅपवर विचारलं, ‘ठोकलंय का कधी? स्पिंडल, बेअरिंग ओके हाय न्हवं?’ उत्तर आलं, ‘बिनधास्त ने.’

सगळं प्रकरण या दोन शब्दांभोवती फिरतं. घेणाऱ्याने ते ‘ठोकलेलं नाही, म्हणजे टूल कधी चकवर आदळलेलं नाही, स्पिंडल ठीक आहे’ असं वाचलं. विकणाऱ्याच्या मनात होतं ‘मी यावर रोज काम करतोय, तूही करशील’. दोघांचं मशीन एकच, पण काम वेगळं होतं. पितळी बुशाला पन्नास मायक्रॉनची सूट. शाफ्टच्या ३५ मिलिमीटरच्या बेअरिंग सीटला (बेअरिंग बसण्याच्या जागेला) के-६ फिट, म्हणजे अधिक २ ते अधिक १८ मायक्रॉन, अवघी १६ मायक्रॉनची खिडकी. मटेरियल ईएन-८, मध्यम कार्बनचं स्टील. त्या वीस मिनिटांत ना ड्रॉइंग निघालं, ना स्टीलचा तुकडा चकमध्ये बसला.

पहिले पंधरा दिवस

मशीन हायड्रा क्रेनने उचललं, ट्रेलरवर घातलं, नव्या शेडमध्ये उतरवलं. तीन फेजची जोडणी मिळायला महिना गेला. वीज आल्यावर कंट्रोल सुरू केला तर ३०० नंबरचा एपीसी अलार्म, दोन्ही अक्षांची झिरो पोझिशन गेलेली. घेणाऱ्याच्या मनातली पहिली पाल इथे चुकचुकली. खरं तर हा मशीनचा दोष नव्हता. अ‍ॅब्सोल्यूट एन्कोडरची (अक्षांची जागा लक्षात ठेवणाऱ्या भागाची) बॅटरी आधीच म्हातारी झालेली होती आणि बंद पडून राहिलेल्या महिन्यात ती संपली. ही बॅटरी कंट्रोल चालू ठेवूनच बदलायची असते. बंद करून बदलली तर झिरो जातोच. नवी बॅटरी टाकून अक्ष पुन्हा रेफरन्सला लावले, मशीन चालू झालं. खर्च ३,८०० रुपये. पण एव्हाना ‘पहिल्या दिवसापासून खराब’ हे वाक्य मनात पक्कं बसलं होतं, आणि पुढचा प्रत्येक दोष त्याच खात्यावर चढत गेला.

शाफ्ट सुरू केले. १०० मिलिमीटर लांबीवर १८ मायक्रॉनचा टेपर, म्हणजे एका टोकाकडून दुसऱ्याकडे व्यास बदलत जाणं. बेअरिंग सीटचं माप नगागणिक २० ते २५ मायक्रॉनने हलतंय. सीटच्या शेवटी रेडियसवर, जिथे एक्स अक्ष दिशा बदलतो, तिथे नखाला लागेल अशी पायरी. ऑफसेट मारत (कंट्रोलमध्ये मापाची दुरुस्ती घालत), शिव्या घालत ४६ नग रिजेक्ट झाले. नगामागे मटेरियल आणि मजुरी ३१० रुपये धरले तर १४,२६० गेले. इथे एक सांगायलाच हवं : माप का हलतंय हे कळल्याशिवाय ऑफसेट मारणं म्हणजे आंधळ्याने नेम धरणं. पाचव्या नगाला थांबून डायल (मायक्रॉनची हालचाल दाखवणारं काट्याचं मापक) लावला असता तर उरलेले एकेचाळीस वाचले असते. हे नुकसान दोस्ताच्या नावावर टाकता येत नाही.

पंधराव्या दिवशी घेणाऱ्याने दोघांच्या सामाईक ग्रुपवर लिहिलं, ‘दोस्तीत फसवणूक झाली.’ विकणाऱ्याने फोन उचलणं बंद केलं.

डायल काय सांगतो

नंतर एका अनुभवी मेकॅनिकने दोन दिवस लावून मशीन तपासलं. त्याने ज्या क्रमाने तपासलं तो नोंदवण्यासारखा आहे, कारण क्रम चुकला की एका दोषाचं खापर दुसऱ्यावर फुटतं.

आधी लेव्हल. मीटरला ०.०२ मिलिमीटर दाखवणारी प्रिसिजन लेव्हल बेडवर आडवी-उभी ठेवली. एका कोपऱ्याचा जॅकबोल्ट हवेत होता आणि बेडला पीळ बसला होता. मशीन उतरवणाऱ्यांनी डोळ्यांनी ‘सरळ’ केलं होतं, नंतर कुणी लेव्हल लावलीच नव्हती. पीळ काढल्यावर १८ मायक्रॉनचा टेपर ६ वर आला. म्हणजे ज्या दोषावरून सगळ्यात मोठा आरडाओरडा झाला, त्याचा दोन तृतीयांश भाग घेणाऱ्याच्या स्वतःच्या शेडमध्ये तयार झालेला होता.

मग स्पिंडल. नोजवर (स्पिंडलच्या तोंडावर) डायल लावून हाताने फिरवला : ४ मायक्रॉन. चकमध्ये जाड बार धरून तो वरखाली रेटला, ढिलाई नाही. दोन हजार आरपीएमवर पाऊण तास चालवून नोजला हात लावला, कोमट. हात सहज ठेवता येत होता. स्पिंडल उत्तम. मशीनमधला सगळ्यात महागडा भाग हाच, आणि दोस्ताने त्याबद्दल खोटं सांगितलेलं नव्हतं.

खरी गोष्ट एक्स अक्षात निघाली. हँडव्हील ०.०१ वर ठेवून पुढे गेलं, उलटं फिरवलं, डायल जवळजवळ लगेच हलला. वरवर बॅकलॅश (दिशा बदलताना वाया जाणारी हालचाल) नाहीच. मेकॅनिकने पॅरामीटर १८५१ उघडला. हा बॅकलॅश भरून काढण्याचा आकडा. दिशा बदलली की कंट्रोल तेवढी जास्तीची हालचाल गुपचूप घालतो. एक्ससाठी ३८, झेडसाठी १२. झेडचा चालण्यासारखा, एक्सचे ३८ म्हणजे मशीन कुबड्यांवर चाललंय. मूळ आकडा वहीत लिहून ठेवून त्याने पॅरामीटर शून्य केला आणि पुन्हा मोजलं. स्ट्रोकच्या दोन्ही टोकांना २४ मायक्रॉनची मोकळीक, मधल्या पट्ट्यात ३८.

हे दोन आकडे एकत्र वाचले की निदान होतं. बॉल स्क्रू, म्हणजे स्लाइड सरकवणारा आट्यांचा दांडा, रोजच्या कामाच्या पट्ट्यात झिजतो, टोकांना झिजत नाही. म्हणून सगळीकडे सारखे असणारे २४ मायक्रॉन स्क्रूचे नव्हेत; ते स्क्रू धरून ठेवणाऱ्या सपोर्ट बेअरिंगचे. मधले वरचे १४ तेवढे स्क्रू-नटच्या झिजेचे. खात्रीसाठी स्क्रूच्या टोकाच्या सेंटर होलमध्ये ग्रीस लावून स्टीलची गोळी चिकटवली, तिच्यावर डायल टेकवला आणि अक्ष मागेपुढे केला. स्क्रू नुसता फिरायला हवा, पुढेमागे सरकायला नको. सरकला २२ मायक्रॉन. ही चाचणी पाच मिनिटांची आहे. न करता जो ‘बॉल स्क्रू गेला’ असं जाहीर करतो, तो गिऱ्हाइकाच्या गळ्यात नको तेवढा खर्च घालतो.

आता प्रश्न असा की, एवढी ढिलाई असून पितळी बुश दहा मायक्रॉनमध्ये कसे आले? उत्तर स्लँट बेडमध्ये आहे. ४५ अंशांच्या उतारावर टरेट आणि स्लाइडचं वजन सतत खाली, स्पिंडलकडे ओढत असतं, त्यामुळे ढिलाई एका बाजूला दाबलेली राहते. पितळेचा हलका कट टूलला मागे ढकलतो, पण वजनाला हटवण्याइतका नाही. मशीन गप्प बसतं. ईएन-८ चा दोन मिलिमीटरचा कट टूलला जोरात मागे रेटतो, स्लाइड त्या ढिलाईत वर सरकते, कट हलका झाला की परत खाली बसते. स्लाइड १२ मायक्रॉन हलली तर व्यासात २४ दिसतात. मटेरियलच्या कडकपणात थोडा फरक पडला तरी माप हलतं. पॅरामीटर १८५१ अक्षाची जागा सुधारतो, त्याला घट्टपणा देऊ शकत नाही. पितळेवर दाखवलेला डेमो खोटा नव्हता. तो या दोषाला कधीच उघडा पाडू शकला नसता, इतकंच.

झीज का झाली, तेही सापडलं. सेंट्रल ल्युब्रिकेशनची टाकी अर्धी भरलेली, पंप वेळच्या वेळी आवाज करत होता, पण एक्सच्या नटकडे जाणारा डोसिंग युनिट (मोजून तेल सोडणारा भाग) गाळाने चोंदलेला. नट बहुधा कित्येक महिने कोरडा. पंपाचा आवाज येतो म्हणून सगळे समजतात तेल जातंय. टाकीवर मार्करने रेघ मारून ठेवली आणि ठरलेल्या तासांत पातळी उतरली का हे पाहिलं, तर पंप तेल देतोय एवढं कळतं. एकच फाटा चोंदलेला असेल तर ते मात्र त्या जागेची नळी सोडूनच कळतं. हा दोष विकणाऱ्यालाही ठाऊक नव्हता.

शेवटी टरेट. चकमध्ये डायल धरून टरेटच्या बोअरिंग होल्डरच्या भोकात आतून फिरवला. भोकाचा मध्य स्पिंडलच्या मध्यापासून ०.१२ मिलिमीटर खाली. टरेटच्या बुडाच्या अ‍ॅलन बोल्टांवर नवा रंग, बाकी मशीनवर जुना. रंगाखाली डॉवेल पिनची (जागा पक्की धरणाऱ्या पिनांची) भोकं पुन्हा रीमिंग केलेली. मशीन ठोकलेलं होतं : टूल फिरत्या चकवर आदळलं, टरेट जागचं सरकलं, अंदाजाने परत बसवलं. बाहेरच्या व्यासाच्या कामात हे ऑफसेटने झाकलं जातं. ड्रिल आणि बोअरिंगमध्ये झाकलं जात नाही. ड्रिल मोठं भोक पाडतं, बोअरिंग बारची टीप मध्यावर येत नाही.

आणखी एक पुरावा पुढे केला गेला, तो मात्र लंगडा निघाला. फॅनुकमध्ये पॅरामीटर ६७५० वर मशीन किती मिनिटं चालू होतं ते दिसतं. आकडा होता ६,४८,०००, म्हणजे १०,८०० तास. दोन शिफ्टमध्ये चाललेल्या २०११ च्या मशीनला हा फारच कमी. ‘मीटर मागे फिरवला’ असा आरोप झाला. हा आकडा हाताने बदलता येतो हे खरं. पण मेमरीची बॅटरी संपून पॅरामीटर जुन्या बॅकअपमधून परत भरले, तरी हेच होतं. कमी आकड्यावरून लबाडी सिद्ध होत नाही. तो भरवशाचा नाही एवढंच सिद्ध होतं.

कुणाचं किती

‘फसवलं’ हा एकच शब्द इथे पुरत नाही. तीन ढीग करावे लागतात. माहीत असून न सांगितलेलं : टरेट ठोकलेलं. कुणालाच माहीत नसलेलं : चोंदलेलं डोसिंग युनिट आणि त्यातून आलेली स्क्रूची झीज. घेणाऱ्याचं स्वतःचं : लेव्हल, संपत आलेल्या बॅटरीची चौकशी न करणं, थांबता न आल्याने वाया गेलेले शाफ्ट. १८५१ मधले ३८ मधल्या जागेवर पडतात. विकणारा म्हणतो, सर्व्हिसवाल्याने टाकले, मला काय कळतंय. बुशवाल्या दुकानात हे शंभर टक्के शक्य आहे. माप जुळलं, काम चाललं, पॅरामीटरच्या पानावर कोण जातंय?

कायदा या ढिगांकडे कसा बघतो, हेही पाहायला हवं. वकिलाची नोटीस पाठवायची भाषा दोन्हीकडून झालीच होती. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७ प्रमाणे नुसतं गप्प राहणं ही लबाडी ठरत नाही. त्या कलमाखालची उदाहरणं घोड्याची आहेत आणि या सौद्याला चपखल बसतात. लिलावात आजारी घोडा विकताना मालक गप्प राहिला, तर ती लबाडी नाही. घेणारी त्याचीच, नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल, तर नात्यामुळे सांगणं कर्तव्य ठरतं. आणि घेणारा म्हणाला, ‘तू नाही म्हटलं नाहीस तर घोडा ठणठणीत आहे असं मी समजेन’, त्यावर मालक गप्प राहिला, तर ते गप्प राहणं बोलण्यासारखंच. दोस्ती मुलीच्या नात्याइतकी धरली जाईलच असं नाही. पण ‘ठोकलंय का कधी?’ असं सरळ विचारल्यावर आलेलं ‘बिनधास्त ने’ तिसऱ्या उदाहरणाच्याही पुढे जातं. म्हणून तो व्हॉट्सॅप संदेश मोलाचा. वहीच्या पानापेक्षा जास्तच.

याच कायद्याच्या कलम १९ मध्ये एक खुंटी आहे. गैरसमज होईल अशा विधानाने किंवा गप्प राहण्याने संमती मिळवली असेल, तरी घेणाऱ्याला साध्या खबरदारीने सत्य कळण्यासारखं होतं, तर करार रद्द करून मागता येत नाही. वीस मिनिटांत, आधीच तापलेल्या मशीनवर, दुसऱ्याच्या पितळेवर पाहून घेणारा इथे अडतो. दोष रंगाने मुद्दाम झाकला हे सिद्ध झालं, तर ती खुंटी आड येत नाही. पण रंग दोष झाकायला मारला की दिवाळीच्या पूजेला, हे सिद्ध करणं सोपं नाही.

मालविक्री कायदा, १९३० मध्ये वस्तू ठरल्या कामाला योग्य असण्याची गर्भित अट कलम १६ मध्ये आहे. ती लागू व्हायला दोन गोष्टी लागतात : घेणारा विकणाऱ्याच्या जाणकारीवर विसंबून आहे हे दिसेल अशा रीतीने काम काय आहे हे त्याला कळवलेलं असावं आणि असा माल पुरवणं हा त्याचा धंदा असावा. बुश करणारा माणूस आपलं एक जुनं मशीन काढतो, तेव्हा तो मशीनचा व्यापारी होत नाही. जुन्या मशीनच्या डीलरकडून घेतलं असतं तर घेणारा इथे जास्त भक्कम असता, हा भाग सहसा कुणी ध्यानात घेत नाही. ग्राहक आयोगाचा रस्ताही अवघड. व्यापारी हेतूने घेतलेला माल त्यातून वगळलेला आहे; स्वतः राबून उपजीविकेसाठी घेतला असेल तर अपवाद आहे, पण समोरचा व्यापारी नाही हा मुद्दा उरतोच.

थोडक्यात, दिवाणी दावा लावता आला असता, बराच काळ चालला असता, आणि हाती टरेटचा खर्च आला असता.

बिलाचा खड्डा

भांडण सगळं डायलच्या आकड्यांवर चाललं होतं, आणि त्याहून मोठी रक्कम कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हती. मशीनची दुरुस्ती अशी झाली : एक्सचं सपोर्ट बेअरिंग सेट आणि बसवणूक १८,०००, बॉल स्क्रू ग्राइंड करून नटमध्ये मोठ्या मापाच्या गोळ्या ३२,०००, टरेट अलाइन करून नवी डॉवेल १५,०००, ल्युब्रिकेशनच्या नळ्या आणि डोसिंग युनिट ६,५००, बॅटऱ्या ३,८००, लेव्हल आणि अलाइनमेंट ७,०००. एकूण ८२,३००. दोस्तीत उतरवलेल्या ८० हजारांइतकेच जवळजवळ! विकणाऱ्याने हा योगायोग लगेच पकडला : ‘म्हणजे भाव बरोबरच होता की.’ त्यात अर्धं तथ्य आहे.

बिल नसल्याने मात्र याहून मोठं भोक पडलं होतं. मशीनवर जीएसटी १८ टक्के. दोघंही नोंदणी असलेले. ७,२०,००० ही रक्कम करासह धरली तरी त्यात १,०९,८३१ रुपये कर आहे, आणि पक्कं बिल असतं तर घेणाऱ्याला तेवढं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) मिळालं असतं. दुरुस्तीच्या सगळ्या खर्चापेक्षा हे जास्त. शिवाय मालमत्तेपोटी एका दिवसात एका माणसाला १० हजारांच्या वर रोख दिलं, तर ती रक्कम आयकराच्या घसाऱ्यात धरली जात नाही. म्हणजे १,७०,००० वर तेही गेलं. मशीन पावतीशिवाय, ई-वे बिलाशिवाय ट्रेलरवर गेलं ते वेगळंच. वाटेत तपासणी झाली असती तर दंड आणि अडकलेलं मशीन.

कर्जाचं कुणी विचारलंच नव्हतं. नशिबाने मशीनवरचं बँकेचं कर्ज फिटलेलं होतं. पण अशा मशीनवर हायपोथिकेशन (कर्जापोटी बँकेचा बोजा) उभं असलं तर बँक मशीनच्या मागे नव्या मालकाच्या शेडपर्यंत येते. बँकेचं नो ड्यूज पत्र आणि त्यात मशीनचा अनुक्रमांक, एवढं पाहायला दहा मिनिटं लागतात.

मिटलं कसं

दोघांना ओळखणाऱ्या एका निवृत्त फोरमनने मध्यस्थी केली. त्याची एकच अट : बोलणं मशीनपाशी होईल, हॉटेलात नाही. ग्रुपवरचा मजकूर आधी काढायला लावला. मग विकणाऱ्यासमोर पॅरामीटर शून्य केला, गोळीवर डायल लावला, आणि हँडव्हील त्याच्याच हातात दिलं. काटा बावीस घरं सरकलेला त्याने स्वतः पाहिला. ‘आयला, हे एवढं हाय?’ हे वाक्य नाटकी वाटलं नाही, आणि इथून सूर बदलला. टरेटच्या रंगावर बोट ठेवल्यावर तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, ‘दोन वर्सामागं ऑपरेटरनं ठोकलं हुतं. बुशाला काय अडत न्हवतं, म्हणून बोललो न्हाई.’

वाटणी अशी ठरली : टरेटचे १५,००० पूर्ण विकणाऱ्याचे. बेअरिंग आणि बॉल स्क्रूचे ५०,००० निम्मे निम्मे. बाकीचं आणि रिजेक्ट शाफ्ट घेणाऱ्याचे. विकणाऱ्याकडे ४०,००० आले, घेणाऱ्याच्या दुरुस्तीत ४२,३०० राहिले. बाकी ठेवलेल्या ५० हजारांतून ४० वजा, १० हजार द्यायचे. ही तडजोड चांगुलपणाने झाली असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. पन्नास हजार घेणाऱ्याच्या हातात अडकलेले होते म्हणून ती झाली. पूर्ण पैसे चुकते केलेल्या सौद्यात हाच फोरमन, हाच डायल असूनही समोरचा बसायला आलाच असता याची खात्री नाही.

बिलावर जास्त ओढाताण झाली. शेवटी ६,८०,००० चं पक्कं बिल, वर १८ टक्क्यांनी १,२२,४००. हा कर घेणाऱ्याने बँकेतून द्यायचा आणि क्रेडिट घ्यायचं. विकणाऱ्याने आपलं रिटर्न भरून ते घेणाऱ्याच्या २बी मध्ये (जीएसटीच्या क्रेडिटच्या विवरणात) दिसल्यावरच शेवटचे १० हजार, असं ठरलं.

तीन तास आणि एक पान

हेच मशीन हाच दोस्त आज विकत असता तर पाहायला तीन तास लागले असते. आदल्या रात्री निरोप : ‘मी येईपर्यंत चालू करू नको.’ थंड मशीन चालू होतानाचा आवाज, हायड्रॉलिक प्रेशर चढायला लागणारा वेळ आणि अलार्म, हे तापलेलं मशीन सांगत नाही. सोबत स्वतःच्या जॉबचे ईएन-८ चे पाच तुकडे, स्वतःचे इन्सर्ट, स्वतःचा मायक्रोमीटर, मॅग्नेटिक स्टँडसह एक मायक्रॉनचा लिव्हर डायल. पाचही नग नेहमीच्याच कटने, मध्ये ऑफसेट न मारता. नग थंड झाल्यावर मोजायचे. गरम शाफ्ट मोठाच दिसतो. त्याआधी १८५१ चा फोटो, पॅरामीटरचा पूर्ण बॅकअप कार्डवर. मग शून्य करून तीन जागी बॅकलॅश, गोळीची चाचणी, स्पिंडलचा रनआउट (फिरताना डोलणं), टरेटच्या भोकात डायल. शेवटी आकडा जसा होता तसा परत टाकायचा. हे विसरलं तर मालकाचं उद्याचं काम बिघडतं आणि भांडण उलट दिशेने सुरू होतं.

आणि एक पान. दोस्ताला हे पान पुढे करणं जड जातं हे खरंच. ‘सीए मागतोय’ म्हटलं की जड जात नाही. सीए बहुतेक वेळा खरोखरच मागतो. मजकूर एवढा पुरे :

‘मशीनचा अनुक्रमांक अमुक. घेणारा यावर ईएन-८ चे शाफ्ट, ३५ व्यासाला के-६ फिटमध्ये करणार आहे, हे विकणाऱ्यास सांगितले आहे. मशीन आजवर ठोकलेले आहे / नाही. असल्यास कधी, कोणता भाग. स्पिंडल, बॉल स्क्रू, टरेट यांवर झालेली मोठी कामे अमुक. कर्जाचा बोजा नाही. आज पाच नग कापून पाहिले, मापे अमुक. दहा टक्के रक्कम मशीन नव्या जागी लेव्हल करून चालू झाल्यापासून पंधरा दिवसांनी देण्याची आहे. वाहतूक व लेव्हलची जबाबदारी घेणाऱ्याची.’

यात ‘ठोकलेले आहे / नाही’ ही ओळ सर्वांत कामाची. बोलताना ‘बिनधास्त ने’ म्हणून निसटता येतं. कागदावर दोनातलं एक खोडावंच लागतं. या विकणाऱ्याने काय खोडलं असतं? बहुधा ‘नाही’ हाच शब्द खोडला असता, भाव आणखी पंधरा हजारांनी उतरला असता, आणि टरेट तेव्हाच सरळ झालं असतं.

दुरुस्तीनंतर १८५१ मध्ये एक्सला ६ राहिले. ईएन-८ वर सलग वीस नगांत ३५ ची सीट ९ मायक्रॉनच्या आत आली. बोअरिंग होल्डरचा मध्य अजून ०.०२ खाली आहे, तो शिम (पातळ पत्रा) घालून भागवला जातो. ४० मिलिमीटरच्या पुढचं अचूक बोअरिंग घेणारा बाहेर पाठवतो; कधी कधी विकणाऱ्याच्या नव्या मशीनवर, रोख नव्हे, बिलावर.